कास पठारावर जाण्याआधी: फिल्म कॅमेऱ्यावर क्लोजअपची तयारी

सामान घेण्याआधी फुलाचा आकार बघा. ३५ मिमी फिल्मची चौकट २४×३६ मिमीची असते. १:२ वर, म्हणजे फिल्मवर वस्तू निम्म्या आकाराची येते तेव्हा, तिच्यात ४८×७२ मिमी जागा मावते, त्यात ‘सीतेची आसवं’ या छोट्या रानफुलाचा दोन-तीन फुलांचा तुरा छान बसतो. एकच फूल मोठं हवं असेल तर १:१ पर्यंत जावं लागतं.

१:२ साठी ५० मिमीच्या साध्या लेन्सला २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) पुरते. ट्यूबला ॲपर्चरची (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राची; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) जोडणी आहे ना, हे दुकानातच लेन्स लावून तपासा. ती नसेल तर फोकस करताना ॲपर्चर आपोआप उघडं राहत नाही आणि ते लहान असताना ढगाळ दिवशी व्ह्यूफाइंडरमध्ये नीट काही दिसत नाही. क्लोजअप फिल्टर (लेन्सपुढे लावायची भिंगं) प्रकाश खात नाहीत, पण कडा मऊ येतात. एफ/८ किंवा त्याहून लहान ॲपर्चरवरच वापरा. रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची कडी) मात्र घरीच ठेवा, कारण भुरभुर पावसात लेन्सची मागची काच उघडी पडते. बजेट असेल तर १०० मिमीची मॅक्रो लेन्स घ्या. तिने थोडं लांबून काम होतं, पायवाट सोडून फुलांत गुडघे टेकायची वेळ येत नाही.

आता खरी अडचण. दाट ढगात १०० आयएसओला एफ/१६ वर साधारण १/१५ सेकंद मिळतो. ट्यूबमुळे एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणं) थोडा जास्त प्रकाश कमी होतो, म्हणजे उरला १/६. पठारावरच्या वाऱ्यात फूल हललंच. म्हणून ४०० आयएसओची फिल्म आणि एफ/८ धरा: १/१०० च्या आसपास वेग मिळतो. स्पष्ट खोली मात्र जेमतेम ३ मिमी राहते, तेव्हा कॅमेऱ्याची पाठ तुऱ्याला समांतर ठेवा. कॅमेऱ्यातला मीटर ही घट स्वतःच धरतो. हातातला मीटर असेल तर १:२ ला सव्वा स्टॉप, १:१ ला दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवा.

ट्रायपॉड जमिनीलगत बसणारा हवा. फोकस रिंगने नव्हे, कॅमेरा पुढे-मागे सरकवून साधतो. फोकसिंग रेल असेल तर हे सोपं जातं. केबल रिलीज आणि जास्तीचे बटन सेलही घ्या. निकॉन एफएम२ कॅमेऱ्याचा सेल्फ-टायमर आरसा आधीच वर उचलतो, त्यामुळे वारा थांबलेला असताना धक्का टळतो. फिल्म फ्रिजमधून काढली की तासभर डबी उघडू नका, नाहीतर दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. रोल भरल्यावर फिल्म पुढे ओढताना रिवाइंडची खुंटी फिरते का, ते बघा. ढील काढूनही ती फिरत नसेल तर फिल्म दात्यांत अडकलेलीच नाही.