सायलेन्सरच्या नट-बोल्टला अँटी-सीझ लावताना या चुका टाळा

नागपूरला समुद्र नाही, खारं वारं नाही, मग इथल्या गाडीचा सायलेन्सर कशाला गंजतो, असं पुष्कळांना वाटतं. पण तापलेलं लोखंड कोरड्या हवेतही खपली धरतं, आणि ती खपली आट्यांमधली सगळी फट भरून टाकते. त्यात एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच पाइपातून जातं. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत जाऊन परत यायचं तर पाइप पुरता तापतही नाही. पाणी आत साठतं, जोडांमधून झिरपतं. काही वर्षांनी गॅस्केट (जोडातून वायू गळू नये म्हणून मध्ये बसवलेली चकती) बदलायला नटला पाना लावावा, तर नटाऐवजी स्टडच, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आटेवाला दांडाच, तुटून हातात येतो. हे टाळण्यासाठी अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांवर लावायची पेस्ट. फक्त ते लावण्याच्या पद्धती गॅरेजगणिक वेगळ्या, आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या.

पहिली चूक डब्याचीच. "भाऊ, ग्रीस लावलं न, आता नाही जाम होत," असं कोणी म्हणालं तर कोणतं ग्रीस ते विचारा. बेअरिंगचं साधं लिथियम ग्रीस १८०-१९० अंशांच्या आसपास पातळ होऊन गळतं आणि मग जळून काळी राख होते. मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या पहिल्या तापलेल्या पाइपाजवळ, त्याचा टिकाव लागत नाही. अँटी-सीझमधलं ग्रीसही जळतंच, पण त्यातली तांब्याची, निकेलची किंवा ग्राफाइटची बारीक पूड आट्यांमध्ये शिल्लक राहते आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटू देत नाही. कॉपरचं अँटी-सीझ साधारण हजार अंशांपर्यंत चालतं, निकेलचं त्याच्याही वर. स्टीलच्या नट-बोल्टला कॉपर पुरतं. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर चढवायचा असेल तर निकेलचं घ्या, कारण स्टेनलेस गंजत नसलं तरी घासून एकमेकांत अडकतं.

टॉर्क तोच ठेवणं

टॉर्क म्हणजे नट आवळताना लावलेला पिळाचा जोर. सगळ्यात महागात पडते ती ही चूक, आणि ती सहसा टॉर्क रेंच (हा जोर मोजणारा पाना) वापरणारा, काळजी घेणारा माणूसच करतो. कोरडा नट आवळताना पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहा टक्के जोर बोल्ट ताणण्यात जातो. उरलेला सगळा घर्षण खातं: निम्म्याच्या आसपास नटच्या बुडाखाली, बाकीचा आट्यांमध्ये. अँटी-सीझ लावलं की हे घर्षणच उतरतं. मग तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

हिशेब सोपा आहे. कोरड्या आट्यांसाठी टॉर्कचा गुणांक (K, घर्षणावर ठरणारा) ०.२० धरतात, अँटी-सीझ लावल्यावर तो ०.१५ पर्यंत आला, तर त्याच टॉर्कला ताण एक तृतीयांशाने वाढतो. मॅन्युअलमध्ये ८ मिमीच्या नटला २४ न्यूटन-मीटर लिहिलं असेल आणि तो आकडा कोरड्या आट्यांचा असेल, तर या हिशेबाने १८ पुरे. तुमच्या डब्याचा गुणांक डेटाशीटवर बघा, तो सगळ्यांचा सारखा नसतो. मॅन्युअलमध्ये ‘तेल लावून आवळा’ असं आधीच लिहिलं असेल तर पुन्हा कमी करायची गरज नाही. इंजिनाच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये (वरच्या भागात) बसवलेल्या स्टडला हे जास्त लागू, कारण तिथे आधी आटे मरतात आणि मग काम थेट हेडच्या दुरुस्तीवर जातं.

"लाव न बे, अजून लाव"

जास्त लावल्याने जास्त फायदा होत नाही. आटे आधी वायर ब्रशने चकचकीत करा. गंजावर फासलं तर खडे आत राहतात आणि तेच आटे खातात. मग ब्रशने आटे रंगतील इतकाच पातळ थर द्या. नट चढवल्यावर बाहेर गोळा निघत असेल तर तो जास्तीचा, पुसून टाका. आंधळ्या भोकात, म्हणजे ज्याला पलीकडे तोंड नाही अशा भोकात, लोंदा भरला तर बोल्ट बसताना तो दबतो, बोल्ट पूर्ण उतरत नाही आणि टॉर्क मात्र आलेला दिसतो.

ऑक्सिजन सेन्सरशी, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरशी, आणखी जपून. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीनेच बहुधा लावून दिलेलं असतं, ते पुसून स्वतःचं लावू नका. जुना परत बसवत असाल तर सेन्सरसाठी चालेल असं लिहिलेलंच वापरा, आणि फक्त आट्यांवर. टोकाच्या जाळीला बोटही लागू देऊ नका. टोक खराब झालं की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि माणूस दुसरीकडेच बिघाड शोधत बसतो.

काही जण गळका जोड बंद करायला गॅस्केटवर अँटी-सीझ फासतात. ते सीलंट नाही. थंड गाडी सुरू केल्यावर फुट-फुट आवाज येतो, तापल्यावर कमी होतो आणि जोडापाशी काजळी दिसते, तर गॅस्केट गेलं किंवा फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्ट लावायची सपाट कड) वाकली. त्यावर सिलिकॉन फासणं आणखी वाईट, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर मरतो.

आधीच जाम झालेल्या नटला वरून अँटी-सीझ लावून काही होत नाही, ते आत शिरतच नाही. पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) मारून रात्रभर ठेवा, सकाळी परत मारा. बारा कोनी सॉकेट नट गोल करतं, सहा कोनी घ्या. आधी किंचित आवळून मग सोडवा, कडकन आवाज आला की पुढे-मागे करत काढा. गॅसचा टॉर्च वापरायचाच असेल तर आधी तेल पुसा, आणि इंधनाची नळी व सायलेन्सरची रबरं कुठे आहेत ते बघून घ्या.

डबा हातात आहे म्हणून चाकांच्या नटला लावू नका. समृद्धीवर १२० च्या वेगात चाक ज्या टॉर्कच्या भरवशावर धरलेलं असतं, तो कोरड्या आट्यांसाठी ठरवलेला आहे. ब्रेक पॅडच्या घासणाऱ्या बाजूपासून तर लांबच ठेवा.

काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी सुरू केली की जोडांवरून थोडा धूर येतो, वासही येतो. वरचं ग्रीस जळतंय एवढाच त्याचा अर्थ, काही मिनिटांत थांबतो. पुढच्या दिवशीही येत राहिला तर गळणारं तेल सायलेन्सरवर पडतंय का ते बघा.