कारवानी कुत्रा सोडवून आणलात? मग या चुका टाळा

तांबडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्या गळ्यात पट्टा नव्हता, बांधकामावरची बाइंडिंग तार होती. ती कातडीत इतकी रुतली होती की वरून मांस चढलं होतं. मंगळवेढ्याच्या पुढे एका पडक्या विहिरीजवळ ती तीन दिवस बसून होती, असं वस्तीवरच्या बायकांनी सांगितलं. पुढचा डावा पाय कधीतरी मोडून वाकडाच जुळला होता. पळता येईना म्हणून तिला तिथे आणून सोडलेलं होतं.

कारवानी ही वेगाने पळणारी शिकारी जात. कुणी करवानी म्हणतं, कुणी कारवान. कानांवर आणि शेपटीवर रेशमी लव असली की पश्मी. सोलापूर, लातूर, सांगलीकडे ही कुत्री पिढ्यानपिढ्या आहेत. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात याच रक्ताचा मुधोळ. त्याचं 2005 साली टपाल तिकीटही निघालं. ससा मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी ज्वारीची काढणी होऊन शिवारं मोकळी झाली की सशामागे कुत्री सोडणारे अजून आहेत. उपाशी कुत्रं जास्त पळतं अशा समजुतीने त्याला आदल्या दिवसापासून काही देत नाहीत, लंगडलं तर सांध्यावर तापल्या सळईचे डाग देतात, आणि तरीही पळेना झालं की लांबच्या गावी सोडून येतात. सगळेच पाळणारे असे नसतात, हे आधीच सांगते. मेंढपाळांच्या वाड्यावर लेकरांच्या आधी कारवानीला भाकरी मोडून दिलेली मी पाहिली आहे.

अशी कुत्री सोडवायला आता बरीच तरुण मुलं पुढे येतात, याचा फार आनंद आहे. पण त्याच त्या चुका होतात, आणि त्यांची किंमत कुत्र्याला मोजावी लागते. त्यातल्या काही आमच्याही हातून झाल्या आहेत.

पैसे देऊन सोडवणं, किंवा न विचारता उचलून आणणं

मालक म्हणतो, "पाच हजार द्या आणि घेऊन जा." समोर कुत्रं हाडांचा सापळा झालेलं असतं, आपण खिशात हात घालतो. पुढच्या महिन्यात त्याच खुंट्याला नवीन पिल्लू बांधलेलं असतं. पैसे देऊ नका. "याच्या औषधपाण्याचा खर्च आता तुम्हाला परवडायचा नाही, आम्ही करतो" एवढं नीट बसून बोललं तर बरेच जण कुत्रं देतात. देताना मात्र साध्या कागदावर लिहून घ्या: अमुक रंगाची, अमुक वयाची कुत्री मी स्वखुशीने कायमची देत आहे, खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. कुत्रं बरं होऊन पळायला लागलं की ते परत मागायला येणारे असतात. तेव्हा हाच कागद कामाला येतो.

रात्री जाऊन दावं कापून आणणं ही कायद्याने चोरी ठरते, आणि एकदा तसं झालं की त्या गावात आपल्याला कुणी उभं करत नाही. मालक देत नसेल आणि छळ दिसत असेल तर फोटो-व्हिडिओ तारखेसकट ठेवा, गावातल्या एखाद्याला साक्षीला घ्या आणि पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उपाशी ठेवणं, तासन्‌तास आखूड साखळीला बांधणं, वाऱ्यावर सोडून देणं हे सगळं 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमात येतं. जनावराला कायमचं अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं 325 वं कलम लागतं. शिकारच चालू दिसली तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. एकट्याने अडवायला जाऊ नका.

पहिल्याच दिवशी पोटभर खायला घालणं

ही चूक मायेपोटी होते, म्हणून जास्त धोकादायक. दूधभाकरी, गूळपाणी, ग्लुकोज, जे हाताशी असेल ते आपण पुढे करतो आणि उपाशी जनावर ताट चाटून पुसून संपवतं. दोन-तीन दिवसांत ते थरथरायला लागतं, मान टाकतं, कधी मरतं. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम साखर आणि पिठूळ अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. मग स्नायू, श्वास आणि हृदय यांचं काम कोलमडतं.

तांबडी 14 किलोची होती. तेवढ्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण 500 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच द्यायचं. म्हणजे दोन उकडलेली अंडी आणि थोडी शिजवलेली बिनमसाल्याची कोंबडी, तीही चार-पाच वेळा विभागून. भात-भाकरी नंतर. चार-पाच दिवसांत हळूहळू वाढवत पूर्ण मापावर यायचं, आणि शक्य असेल तिथे डॉक्टरांकडून फॉस्फरस-पोटॅशियम तपासून घ्यायचं. ती आशेने बघत असते आणि आपण भांडं उचलतो, हे फार जड जातं. तरी उचला.

बरगड्या दिसतात म्हणून महिनोन्‌महिने चारत राहणं हीही चूकच. धडधाकट कारवानीच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. तिची ठेवणच तशी असते. पाठीच्या कण्याचे मणके टोचतात का, मांडीवर मांस आहे का, कानशिलं खोल गेली आहेत का, हे हात फिरवून बघा. नीट न जुळलेल्या पायावर जास्तीचं वजन चढवलंत तर ती जन्मभर लंगडेल.

इतर कुत्र्यांचाच हिशेब लावणं

रक्ताचा रिपोर्ट आला, सगळे आकडे मर्यादेत, म्हणून आम्ही एकदा निर्धास्त झालो होतो. कुत्रं मात्र दिवसेंदिवस मलूल होत गेलं. गोचीडतापच होता, उशिरा कळला. साध्या कुत्र्यांत रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, 37 ते 55 टक्के धरतात. ग्रेहाउंडसारख्या वाऱ्याच्या वेगाने पळणाऱ्या जातींत ते मुळातच 50 ते 65 असतं. म्हणजे 40 आकडा छापील मर्यादेत बसतो, पण अशा कुत्र्याला तो रक्त कमी झाल्याचा इशारा असू शकतो. उलट प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, या जातींत थोड्या कमीच असतात, त्यामुळे तेवढ्यावरून गोचीडताप ठरवणंही चुकीचं. कारवानी त्याच बांध्याची, म्हणून तिच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावं. एर्लिकिया आणि बॅबेसिया या गोचीडतापाच्या जंतूंची वेगळी चाचणी मागा. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस चालतं. आठव्या दिवशी तरतरी आली म्हणून बंद करू नका.

नसबंदीच्या वेळी याहून मोठा धोका असतो. थायोपेंटोन हे भुलीचं स्वस्त औषध अजूनही ठिकठिकाणी वापरलं जातं. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि त्यांचं यकृत ते औषध फार हळू निपटतं, म्हणून ती तासन्‌तास शुद्धीवर येत नाहीत. टेबलावर घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, भूल कशाची देणार? प्रोपोफॉल, आयसोफ्लुरेन असे सुरक्षित पर्याय आहेत. विचारलं म्हणून राग मानणारे डॉक्टर मला क्वचितच भेटले.

आणखी एक. पूर्वी कुठे, कशाला चावलंय माहीत नसलेलं कुत्रं पहिले दोन आठवडे घरातल्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा, त्याला रेबीजची लस टोचून घ्या. तुम्हाला दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन तडक दवाखाना गाठा, हळद लावत बसू नका.

साध्या पट्ट्यावर बाहेर नेणं

कारवानीची मान डोक्यापेक्षा जाड असते. नेहमीचा पट्टा कितीही आवळा, ती मागे सरकून डोकं काढून घेते. दिवाळीत गल्लीत लवंगी फुटली आणि तांबडी अशीच निसटली. माझ्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा.

आम्ही सगळे हाका मारत मागे धावलो, हीच दुसरी चूक. पाठलाग हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात ओळखीचं काम, फक्त या वेळी पुढे ती आणि मागे माणसं. वाकडा पाय घेऊन ती रेल्वे रुळांच्या पलीकडे गेली. दोन रात्री मिळाली नाही. मग एका जुन्या जाणत्या धनगर मामांनी सांगितलं, "पोरी, शोधू नकोस. ती जिथून सुटली तिथं तिचं गोणपाट टाक आन्‌ गप बस." तिचं न धुतलेलं गोणपाट, पाण्याचं भांडं आणि थोडं मटण तिथे ठेवून मी पाठमोरी बसले. पहाटे चारच्या सुमाराला गोणपाटावर कुणीतरी अंग टाकल्याचा आवाज आला. मी वळले नाही. उजाडेपर्यंत तशीच बसले, मग हळूच हात मागे नेला, तेव्हा तिने नाक लावलं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन इंच रुंदीचा, ओढल्यावर थोडाच आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि अंगावर हार्नेस, दोन्हीला एकच जोडदोरी. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. पहिले सहा महिने उघड्या मैदानावर मोकळं सोडायचं नाही, मग ती घरात कितीही हाकेला येत असो. ससा, कोंबडी, मांजर दिसलं की तिच्या कानात आपली हाक पोचतच नाही. तो तिचा हट्ट नसतो, तिला माणसाने पिढ्यानपिढ्या तसंच घडवलंय.

घरात आल्यावर उतावीळपणा करणं

अंघोळ, फोटो, शेजाऱ्यांची रीघ, हे सगळं पहिल्या आठवड्यात नको. तांबडी फरशीला घाबरायची. उंबऱ्यावर चारही पाय रोवून उभी. उचलून आत नेलं तर लघवी करायची. शेवटी गोणपाटं एकापुढे एक अंथरली, तेव्हा ती एकेक करत स्वयंपाकघरापर्यंत आली. कोपऱ्यातला झाडू दिसला की अंग चोरायची, म्हणून झाडू दाराआड गेला. झोपेत हात लावू नका, या कुत्र्यांचे डोळे कधी उघडेच असतात आणि दचकून ती चावू शकतात. अंथरूण जाड द्या. चरबी नसल्यामुळे कोबा त्यांच्या कोपरांना लागतो.

"अस्सल शिकारी जात" अशी जाहिरात देणं

घर शोधताना हमखास होणारी आणि सगळं केलेलं पाण्यात घालणारी चूक. 2020 च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळसारख्या देशी जातींचा उल्लेख झाला, तेव्हापासून आमच्याकडेही विचारपूस वाढली. त्यातले बरेच फोन असे: "मादी आहे का? ऑपरेशन झालंय का? पळतीय किती?" हे तीन प्रश्न याच क्रमाने आले की मी फोन ठेवते. तिला पुन्हा सशामागे सोडतील, नाहीतर दर हंगामाला पिल्लं काढतील.

जाहिरातीत जात मोठ्या अक्षरात लिहू नका, पळतानाचा फोटो टाकू नका. गोणपाटावर झोपलेली, बारीक लंगडणारी, माणसाच्या पायाशी बसणारी कुत्री दाखवा. नसबंदी झाल्याशिवाय द्यायचं नाही, यात सवलत नाही. घर स्वतः जाऊन बघा: कंपाउंड सहा फुटांचं आहे का, गेट आपोआप लागतं का, घरात कोंबड्या-मांजरं आहेत का, दिवसभर घरी कोण असतं. फ्लॅट असला तरी हरकत नाही. दोन वेळा नीट फिरवलं तर ही कुत्री उरलेला दिवस झोपून काढतात. कागदावर लिहून घ्या की जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता आमच्याकडेच परत द्यायचं. आणि परत आणलं तर त्या माणसाला बोल लावू नका, नाहीतर पुढचा माणूस गपचूप कुठेतरी सोडून येईल.

तांबडीसाठी घर मिळायला अकरा महिने लागले. शहरातलं एक निवृत्त जोडपं, मागे भिंतीचं अंगण. निघताना सोबत लसीचं कार्ड, दोन्ही पट्टे आणि तेच न धुतलेलं गोणपाट दिलं. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला, "ताई, ही भुंकतच नाही हो, आजारी आहे का?" म्हटलं, नाही काकू, ही मुळातच कमी भुंकतात, जेवते का, शी नीट होते का, तेवढं सांगा. काकू म्हणाल्या, "जेवते. पण गोणपाट ओढत ओढत आमच्या पलंगाखाली नेलंय. तिथेच राहू देऊ का?"