फोन घेताना अपडेटची वर्षं कशी मोजायची

दसरा-दिवाळीच्या आसपास आमच्या नातेवाइकांत एक तरी नवीन फोन येतोच आणि मग मला फोटो यायला लागतात, हा घेऊ का तो घेऊ, याचा कॅमेरा चांगला आहे, त्याचं चार्जिंग लवकर होतं. मी हल्ली सगळ्यांना एकच विचारते, याचे सिक्युरिटी अपडेट कुठल्या साली कुठल्या महिन्यापर्यंत येणार? त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ताई, अपडेट काय, येतच राहतात." नाही ओ, येत राहत नाहीत, एका तारखेला बंद होतात, आणि ती तारीख फोन घ्यायच्या आधीच काढता येते. ती कशी काढायची ते सांगते.

मला हे कळलं ते आईच्या फोनवरून. २०२१ च्या दिवाळीत सेलमध्ये तिच्यासाठी तेरा हजारांचा फोन घेतला, चांगली सूट मिळाली म्हणून खूश होते, पण ते मॉडेल बाजारात येऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं हे मी बघितलंच नाही. वर्षभरातच अपडेट बंद. फोन मात्र धडधाकट, काचेला चरा नाही, बॅटरी रात्रीपर्यंत जाते, आई त्याच्यावर लाइटबिल भरते, गॅस बुक करते, भिशीचे पैसे पाठवते, आणि आतला सिक्युरिटी पॅच, म्हणजे चोरांना आत येऊ न देणारी डागडुजी, २०२२ चा. मला हे बघून खरंच वाईट वाटलं, कारण तिने काहीच चुकीचं केलं नव्हतं, उलट फोन जिवापाड सांभाळला होता.

तर आधी आपलाच फोन हातात घ्या. सेटिंग्जमध्ये अगदी खाली अबाउट फोन असतं, तिथे किंवा सिक्युरिटीच्या पानावर तीन गोष्टी दिसतील: अँड्रॉइड व्हर्जन, अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट, आणि गुगल प्ले सिस्टम अपडेट. या तिन्हींत लोक फार गोंधळ करतात. व्हर्जन म्हणजे १४, १५, १६ ते, वर्षातून एकदा येतं, दिसायला बदलतं, नवीन सोयी येतात. सिक्युरिटी अपडेट म्हणजे सापडलेली भोकं बुजवणं. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची एक गंभीर त्रुटी सापडली होती, नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये घुसता येत होतं, त्यानंतर त्याच वर्षी ऑगस्टपासून गुगलने दर महिन्याला पॅच काढायला सुरुवात केली. तिसरं जे प्ले सिस्टम अपडेट आहे ते अँड्रॉइड १० पासून आलं, ते थेट गुगलकडून येतं, पण सिस्टमच्या थोड्याच भागांना पोचतं, चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरला, सिस्टमच्या गाभ्याला म्हणजे कर्नलला ते हात लावत नाही. म्हणून तिथली तारीख ताजी दिसली तरी निश्चिंत होऊ नका, मधली तारीख बघायची. ती सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल आणि अपडेट चेक करूनही काही येत नसेल तर तुमच्या फोनचा सपोर्ट बहुतेक संपत आलाय किंवा संपलाय.

व्हर्जन नवीन नाही आलं तर फारसं काही अडत नाही, माझं मत असं आहे की चार व्हर्जन मिळाली तरी पुष्कळ झाली. पॅच मात्र यायलाच पाहिजे. त्यामुळे जाहिरातीत "६ वर्षं अपडेट" असं लिहिलेलं दिसलं की लगेच विचारायचं, व्हर्जनची सहा का सिक्युरिटीची सहा? वनप्लस १३ ला चार व्हर्जन आणि सहा वर्षं सिक्युरिटी आहे, नथिंग फोन ३ ला पाच व्हर्जन आणि सात वर्षं सिक्युरिटी, सॅमसंगच्या गॅलॅक्सी ए१६ ५जी ला दोन्ही सहा-सहा. म्हणजे दोन वेगवेगळे आकडे असतात आणि जाहिरातीत मोठा आकडा मोठ्या अक्षरात छापतात.

आता मोजायचं कसं. वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी तुमचे पैसे वाचतील. जीएसएमअरेना या फोनची माहिती देणाऱ्या साइटवर मॉडेलचं नाव टाकलं की वरच लाँचची तारीख दिसते, त्यात कंपनीने सांगितलेली सिक्युरिटीची वर्षं मिळवायची, आणि आजपासून तिथपर्यंत किती उरली ते बघायचं. कंपनीचा आकडा शक्यतो कंपनीच्याच साइटवरून घ्या. गुगलच्या सपोर्ट पानावर त्यांच्या प्रत्येक पिक्सेल फोनसमोर शेवटची तारीख दिलेली आहे, सॅमसंगच्या मोबाइल सिक्युरिटीच्या पानावर कुठल्या मॉडेलला दर महिन्याला पॅच, कुठल्याला तीन महिन्यांनी, कुठल्याला त्याहून उशिरा अशी यादी आहे, आणि तुमचं मॉडेल त्या यादीतच नसेल तर तेच उत्तर समजा. ही यादी बघाच, कारण "पाच वर्षं पॅच" म्हणताना महिन्याला एक की वर्षाला दोन हे जाहिरातीत सांगत नाहीत.

हिशोबाचं उदाहरण देते म्हणजे पटेल. गॅलॅक्सी एस२३ फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, त्याला पाच वर्षं सिक्युरिटी, म्हणजे फेब्रुवारी २०२८ पर्यंत. एस२४ जानेवारी २०२४ मध्ये आला, त्याला सात वर्षं, म्हणजे जानेवारी २०३१. फोन फक्त एक वर्षाने नवा, आयुष्य मात्र जवळजवळ तीन वर्षांनी जास्त! पिक्सेलचंही अगदी तसंच, पिक्सेल ७ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आणि त्याच्या पुढचाच पिक्सेल ८ ऑक्टोबर २०३० पर्यंत. सेलमध्ये जुनं मॉडेल चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतं ना, तेव्हा हे आकडे समोर ठेवा.

मी काय करते, किमतीला उरलेल्या वर्षांनी भागते. समजा पंधरा हजारांचा फोन आहे आणि दीडच वर्ष उरलंय, तर वर्षाला दहा हजार पडले. एकवीस हजारांचा आहे आणि पाच वर्षं उरलीत, तर वर्षाला चार हजार दोनशे. माझ्या काकांना कॅलक्युलेटरवर हे करून दाखवलं तर त्यांनी स्वतःच फोन बदलला, मला जास्त बोलावं लागलं नाही. फक्त त्यासोबत स्टोरेज पण बघा, सहा वर्षं वापरायचा फोन ६४ जीबीचा घेतला तर मोठं अपडेट आलं की जागाच उरत नाही आणि मग माणूस अपडेट टाळत राहतो. आणि सर्व्हिस सेंटरला आधीच विचारून ठेवा की या मॉडेलची बॅटरी बदलायला किती घेता, कारण तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते आणि तेव्हा ती मिळाली नाही तर अपडेट असून उपयोग काय.

आयफोनचं वेगळं आहे. ॲपल आपल्याकडे आधी वर्षं सांगत नाही, पण देते बरीच. २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं, २०२५ च्या आयओएस २६ ला मात्र तो बाद झाला. त्याच्याही आधीचा २०१३ चा आयफोन ५एस, त्याला तर जानेवारी २०२३ मध्ये सिक्युरिटी अपडेट आला होता. पण आधी लेखी काही नाही, हे मला आवडत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच झाला की कमीत कमी किती काळ सिक्युरिटी अपडेट देणार ते कंपनीने जाहीर करायचं, तेव्हा कुठे ॲपलने आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी किमान पाच वर्षं असं लिहून दिलं. म्हणजे विचारणारा खमक्या असेल तर उत्तर मिळतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हा हिशोब दुप्पट नीट करायचा. ओएलएक्सवर किंवा ओळखीत फोन बघायला गेलात की आधी सेटिंग्ज उघडून पॅचची तारीख बघा, मग कॅमेरा. समोरचा म्हणतो दोनच वर्षं वापरलाय, पण मॉडेल चार वर्षांपूर्वीचं असू शकतं.

किती वर्षं द्यायला पाहिजेत यावर माझं म्हणणं सरळ आहे: सिक्युरिटी सात वर्षं, फोन दहा हजारांचा असो की लाखाचा, आणि मोजणी दुकानातून शेवटचा पीस विकला गेल्यापासून. महागड्या फोनला सात आणि स्वस्ताला दोन-तीन हे मला पटतच नाही, कारण ज्याने पोटाला चिमटा काढून आठ-दहा हजारांचा फोन घेतलाय तो तोच फोन पाच-सहा वर्षं वापरणार आहे, त्याच्याच यूपीआयवर घर चालणार आहे, आणि पैसे गेले तर सगळ्यात जास्त त्यालाच लागणार.

कंपन्या म्हणतात जमत नाही, खर्च येतो, चिपवाले सपोर्ट बंद करतात. त्यात तथ्य आहे, अँड्रॉइडचा पॅच आधी गुगलकडून, मग क्वालकॉम किंवा मीडियाटेक या चिपवाल्यांकडून, मग फोनच्या कंपनीकडून असा येतो आणि मधला एक जरी थांबला तरी पुढचं अवघड होतं. पण ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन नावाच्या छोट्याशा कंपनीने २०१५ चा फेअरफोन २ मार्च २०२३ पर्यंत सांभाळला, त्यातल्या चिपचा क्वालकॉमचा सपोर्ट अँड्रॉइड ६ लाच संपला होता तरी यांनी तो अँड्रॉइड १० पर्यंत नेला. मूठभर माणसांना जमलं ते लाखो फोन विकणाऱ्यांना का जमू नये? शिवाय २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये ट्रेबल नावाची नवी रचना आली, तिने चिपचा भाग आणि सिस्टमचा भाग वेगळा केला म्हणून काम सोपं झालं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉम आणि गुगलने मिळून स्नॅपड्रॅगन ८ एलिट या चिपच्या फोनना आठ वर्षांपर्यंत अपडेट देता येतील अशी सोय जाहीर केली. ती आधी सगळ्यात महाग चिपला मिळाली, स्वस्त चिपला कधी मिळणार हे विचारायला पाहिजे.

मोजणी शेवटच्या विक्रीपासून हवी हे मी मनाने नाही म्हणत. हॉलंडमधल्या ग्राहक संघटनेने सॅमसंगवर केस केली होती, लाँचपासून चार वर्षं किंवा विक्रीपासून दोन वर्षं अपडेट द्या म्हणून, २०१८ मध्ये ती हरली. पण पुढे युरोपियन युनियनने नियम केला जो २० जून २०२५ पासून लागू झाला, त्यात पाच वर्षं मोजतात ती मॉडेल बाजारात आणणं बंद केल्यापासून, आणि अपडेट फुकट द्यायचे. त्या नियमाच्या वाक्यात "अपडेट देत असतील तर" असा एक शब्दप्रयोग आहे, त्यामुळे पळवाट राहते, पण मोजायची जागा त्यांनी बरोबर धरली. आपल्याकडे वर्षांचं असं काही बंधन नाही. म्हणून फोन घेताना कंपनीच्या साइटवरच्या त्या आश्वासनाचा स्क्रीनशॉट काढून बिलासोबत ठेवा, तारखेसकट. सांगितलेली वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच अपडेट थांबले तर आधी कंपनीला ईमेल, चॅट नको, आणि उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. हातात कागद असला की बोलणं वेगळं होतं.

एक मात्र, अपडेट म्हटलं की डोळे मिटून पहिल्या दिवशी टाकायचं नाही. मोठं व्हर्जन जुन्या फोनला जड होतं, इटलीत २०१८ मध्ये याच कारणावरून ॲपल आणि सॅमसंग दोघांना दंड झाला होता. त्यामुळे महिन्याचा पॅच लगेच, व्हर्जन मात्र दोन-तीन आठवडे थांबून, बॅकअप घेऊन.

आणि सपोर्ट संपलेलाच फोन घरात असेल तर? फेकू नका. त्यावरून बँकेचं ॲप आणि यूपीआय काढा, ज्या नंबरवर ओटीपी येतात ते सिम दुसऱ्या फोनमध्ये टाका, मग तो गाणी, यूट्यूब, पोरांच्या अभ्यासाचे व्हिडिओ याला खुशाल वापरा. क्रोम मात्र बघत राहा, ऑगस्ट २०२५ पासून नवीन क्रोम अँड्रॉइड ८ आणि ९ वर येत नाही, म्हणजे तिथे ब्राउझरचंही कुलूप जुनं झालं. कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी लिनिएज ओएस ही बाहेरच्या लोकांनी बनवलेली फुकट सिस्टम टाकता येते असं कुणी सांगेल, येते, मॉडेल त्यांच्या यादीत असेल तर, पण बूटलोडर, म्हणजे दुसरी सिस्टम टाकू न देणारं फोनचं कुलूप, उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं आणि नंतर बँकेची ॲप बहुतेक वेळा चालायला नकार देतात, त्यामुळे आई-बाबांच्या रोजच्या फोनवर हा प्रयोग नको. कुणाला द्यायचा असेल तर आधी गुगल अकाउंट काढा, मग रीसेट करा.

आईला गेल्या वर्षी दुसरा फोन घेतला तेव्हा बिलाच्या मागच्या बाजूला मी पेनाने शेवटच्या पॅचचा महिना लिहिला आणि ते बिल गॅसच्या पुस्तकासोबत कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये त्याच्या सहा महिने आधीचं रिमाइंडर पण टाकलंय, एप्रिल २०३०, "नवीन फोन बघायला सुरुवात".