वीजबिल १०० युनिटच्या आत येतं? मग स्वस्तातलं सोलर असं घ्या

सोलर म्हणजे बंगलेवाल्यांचं काम, असं नाशिकच्या सातपूर-सिडकोतल्या बैठ्या घरांत अजूनही ऐकू येतं. पण राज्याची ‘स्मार्ट’ (स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप) योजना आहेच मुळी कमी वीज वापरणाऱ्यांसाठी.

आधी महावितरणचं बिल हातात घ्या आणि महिन्यावार वापर बघा. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात एकाही महिन्यात १०० युनिटच्या वर गेलेला नसावा. मे महिन्यातल्या कूलरनेच बरेच जण अडकतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांना वेगळं आणि जास्त अनुदान आहे. थकबाकी असेल तर ती आधी मिटवा, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

आता पैसे. १ किलोवॉटच्या संचाला साधारण ५०,००० रुपये लागतात. त्यातले ३०,००० केंद्र देतं. वर राज्याचे दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आणि बाकीच्यांना १०,०००. म्हणजे खिशातून अनुक्रमे २,५००, ५,००० किंवा १०,००० रुपये. कोणी याहून बरंच जास्त मागत असेल, तर कशाचे ते लेखी घ्या.

अर्ज केंद्राच्या पीएम सूर्यघर पोर्टलवर करायचा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मोबाइल, आधार आणि बँक पासबुक जवळ ठेवा. बिलावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच हवं. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नावबदल उरकून घ्या. मंजुरीनंतर पोर्टलच्या यादीतलाच एजन्सीवाला निवडा. दारात येऊन ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, सही देऊ नका. संच बसला की नेट मीटर, म्हणजे तुम्ही घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर लागतं. पाच वर्षांची देखभाल एजन्सीकडेच असते, तेवढं करारात वाचून घ्या.

१ किलोवॉटमधून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. छतावर शंभरेक चौरस फूट बिनसावलीची जागा हवी. बिल शून्यावर येईल असं मात्र समजू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

भाडेकरूंना यातलं काही मिळणं अवघड, कारण छत मालकाचं. त्यांनी गॅसकडे बघावं: जोडणी घरातल्या बाईच्या नावावर असेल आणि ती उज्ज्वला किंवा लाडकी बहीण योजनेत असेल, तर मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरची मदत आहे. त्यासाठी गॅस एजन्सीत जाऊन आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे ना, ते तपासा. विजेच्या शंकांसाठी १९१२ हा महावितरणचा क्रमांक आहे.