पाळी गेल्यानंतर तांबी काढली: पुढे काय अपेक्षित आहे आणि कोणत्या चुका टाळाव्यात

गर्भनिरोधक तांबी काढण्याचे काम बहुतेक वेळा काही मिनिटांत उरकते. त्यानंतर ओटीपोटात पाळीच्या वेळेसारखी कळ येते, ती त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत ओसरते, आणि फार तर काही दिवस हलके डाग लागतात. काढताना किंवा लगेच नंतर काहींना चक्कर आल्यासारखे होते, म्हणून घाईने न उठता थोडा वेळ पडून राहावे. पाळी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत अपेक्षित असते ते साधारण एवढेच. म्हणूनच यापलीकडे जे काही जाणवेल ते तांबीच्या खाती टाकून स्वस्थ बसणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते.

नंतरच्या रक्तस्रावाला ‘तांबीमुळेच असेल’ म्हणणे

डाग थांबल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्त दिसले, मग ते एकदाच आणि थेंबभर का असेना, तर त्याचा काढलेल्या तांबीशी संबंध लावू नये. रजोनिवृत्तीनंतरच्या कोणत्याही रक्तस्रावाची तपासणी व्हायलाच हवी. बहुतेक वेळा कारण साधे निघते: हार्मोन कमी झाल्याने पातळ आणि कोरडे झालेले योनीचे अस्तर, किंवा एखादा निरुपद्रवी पॉलिप (अस्तरावर वाढलेला मऊ कोंब). परंतु गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही बहुधा हेच असते, आणि तो या टप्प्यावर सापडला तर उपचारांना चांगले यश येते. डॉक्टर सहसा योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी असते. जाडी जास्त असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासणीसाठी घेतला जातो.

ताप, वाढत जाणारी ओटीपोटाची वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजेल इतका रक्तस्राव झाल्यास मात्र डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच दाखवावे.

पाळी खरोखर गेली का, हे न पाहता तांबी काढणे

तांब्याच्या तांबीमुळे शरीरातील हार्मोन बदलत नाहीत, त्यामुळे पाळी थांबणे हा तेथे विश्वासार्ह संकेत असतो. वय ५० च्या पुढे असेल तर शेवटच्या पाळीनंतर १ वर्ष आणि ५० च्या आत असेल तर २ वर्षे थांबून तांबी काढावी, असा प्रचलित वैद्यकीय सल्ला आहे. मिरेनासारख्या हार्मोन सोडणाऱ्या साधनाची गोष्ट वेगळी आहे. त्यात पाळी साधनामुळेच बंद झालेली असू शकते, आणि ते काढल्यावर ती पुन्हा सुरू होऊन स्त्री बुचकळ्यात पडते. अशा वेळी वय आणि गरज पडल्यास रक्तातील एफएसएच या हार्मोनची (पाळी कायमची जाताना ते वाढते) पातळी पाहून डॉक्टर निर्णय घेतात. वयाची ५५ वर्षे पूर्ण झाल्यावर गर्भनिरोधनाची गरज सहसा उरत नाही. पाळी खरोखर गेली का, याबाबत शंका असेल तर साधन काढण्याआधीचे ७ दिवस संबंध टाळावेत किंवा निरोध वापरावा, कारण शुक्राणू शरीरात काही दिवस टिकतात.

याउलट, ‘त्रास नाही तर राहू दे’ म्हणून तांबी वर्षानुवर्षे तशीच ठेवणेही योग्य नाही. रजोनिवृत्तीनंतर गर्भाशय आकसते, गर्भाशयाचे मुख अरुंद होते, तांबीचे दोरे वर ओढले जातात आणि उशीर होईल तसे काढणे अवघड होऊ शकते. क्वचित, फार काळ राहिलेल्या तांबीभोवती ॲक्टिनोमायसिस जिवाणूंचा गंभीर संसर्गही होतो. (पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींच्या तपासणीच्या अहवालात या जिवाणूचे नाव दिसले म्हणजे संसर्ग झालाच असे नव्हे, लक्षणे नसतील तर सहसा उपचार लागत नाहीत.)

पहिल्या प्रयत्नात निघाली नाही म्हणून वेदना सोसत राहणे

या वयात तांबी पहिल्या खेपेस न निघणे हे कोणाचेच अपयश नाही, आणि दात-ओठ खाऊन सोसण्यात काही शहाणपणही नाही. वेदना असह्य झाल्यास ‘थांबा’ म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. पुढच्या वेळेपूर्वी काही आठवडे योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे क्रीम देता येते, गर्भाशयाच्या मुखाला भूल देता येते, आणि दोरे दिसतच नसतील तर आधी सोनोग्राफीने तांबीची जागा निश्चित करून दुर्बिणीच्या साहाय्याने ती काढता येते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तासभर आधी घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मात्र मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर विचारल्याशिवाय ती घेऊ नये. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर इस्ट्रोजेन क्रीमपूर्वीही तो आवर्जून सांगावा.

हार्मोन उपचार चालू असल्याचे न सांगणे

ही चूक सहज नजरेतून सुटते आणि तिचे परिणाम गंभीर असतात. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या, पट्टी किंवा जेल चालू असेल आणि गर्भाशयाच्या अस्तराचे संरक्षण मिरेना करत असेल, तर ती काढल्यावर ते संरक्षण संपते. गर्भाशय जागेवर असताना एकटे इस्ट्रोजेन घेत राहिल्यास अस्तर जाड होते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे काढण्याच्या दिवशीच प्रोजेस्टोजेनचा (अस्तर जाड होऊ न देणाऱ्या हार्मोनचा) दुसरा पर्याय ठरवून घ्यावा, किंवा नवे साधन बसवून घ्यावे.

लैंगिक संबंधांची घाई करू नये. डाग आणि कळ थांबेपर्यंत वाट पाहणे सोयीचे असते. नंतर कोरडेपणा जाणवल्यास वंगण वापरावे. जोडीदार नवा असेल तर निरोध हवाच, कारण गर्भधारणेची भीती संपली तरी लैंगिक संसर्गाची संपत नाही.

निघालेली तांबी अखंड आहे का, हे तेथेच विचारावे. तांबीचा एखादा आडवा हात तुटून आत राहिला असेल तर तो त्याच वेळी लक्षात येणे बरे. कोणते साधन, केव्हा बसवलेले आणि कोणत्या तारखेला पूर्ण काढले, याची नोंद डॉक्टरांकडून लिहून घेऊन आपल्या फाइलमध्ये ठेवावी.