चेहरा ओळखला पण नाव येईना: ही टेस्ट सांगलीत नीट कशी घ्यायची

सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टला बरीच पोरं प्रसिद्ध चेहऱ्यांचा प्रयोग घेतात कारण तो सोपा वाटतो, फोटो दाखवायचे, नाव विचारायचं, बरोबर-चूक मोजायचं, झालं. पण असं केलं तर हाती काहीच लागत नाही. चेहरा ओळखणं वेगळं आणि नाव सांगणं वेगळं, आणि हा फरक पकडायलाच तर ही टेस्ट आहे, त्यामुळे सगळी मेहनत तिथंच घ्या.

थोडं मागचं सांगते. 1986 साली विकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश संशोधकांनी मांडलं की आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग हा माणूस कोण, काय करतो ते आठवतं, आणि नाव सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आदल्याच वर्षी यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 22 जणांना रोजच्या जगण्यात माणसं ओळखताना होणारे घोटाळे डायरीत लिहायला लावले होते. त्यात माणूस कोण ते माहीत आहे पण नाव येत नाही हे खूपदा झालं, उलट म्हणजे चेहरा बघून नाव आलं पण हा कोण तेच माहीत नाही असं कुणाचंच झालं नाही.

आता फोटो. परदेशातली तयार टेस्ट उचलून इथं वापरू नका प्लीज, आपल्या आज्जीला तिकडचे नेते आणि नट माहीत नसणार आणि मग तुम्ही लिहिणार की तिची स्मरणशक्ती कमी आहे, हे फार अन्यायाचं आहे. बोस्टनला 1979 मध्ये मर्लिन अल्बर्ट वगैरेंनी दशकांप्रमाणे चेहरे घेतले होते, ती कल्पना तेवढी घ्या आणि चेहरे आपले घ्या. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा, आशा भोसले, निळू फुले, आर. आर. आबा, लक्ष्मीकांत बेर्डे, सयाजी शिंदे, स्मृती मानधना, म्हणजे आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत प्रत्येकाला आपापल्या काळातलं कुणीतरी मिळतं. खाशाबा जाधवांचा मोह होतो, 1952 चं हेलसिंकीचं ब्राँझ, कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, पण नाव पाठ असलेल्यांनाही त्यांचा चेहरा बघून ओळखता येत नाही, म्हणून यादी पक्की करायच्या आधी पाच-सहा जणांना दाखवून बघा आणि असे चेहरे काढून टाका.

फोटो फक्त चेहऱ्याचा कापा. स्मृती टीम इंडियाच्या जर्सीत असेल तर लोक जर्सी ओळखतात, तसंच गांधी टोपी दिसली की राजकारणी असा अंदाज सुरू होतो. सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, नाहीतर जुना-नवा काळ रंगावरूनच कळतो. मधे मधे अनोळखी चेहरेही टाका, केरळ किंवा ओडिशातले इकडं कुणाला माहीत नसलेले नट चालतील, फोटो तितकाच चांगला हवा. हे का, तर काही माणसं नाही म्हणायला संकोचतात आणि प्रत्येक फोटोला हो हो करतात, अनोळखी चेहऱ्यांनाही हो आलं की तुम्हाला ते कळतं.

विचारताना एकेकटं बसवा. आमराईत संध्याकाळी आजोबा लोकांचा कट्टा असतो तिथं घोळक्यात फोटो काढलात तर शेजारचाच नाव सांगून मोकळा होतो.

प्रश्नांचा क्रम असा ठेवा: ओळखीचा वाटतो का, कोण आहे, नाव काय. नाव आलं नाही तर पहिलं अक्षर सांगा, तरी नाही आलं तर पूर्ण नाव सांगून विचारा की हे माहीत आहेत का. एक आज्जी निळू फुलेंचा फोटो बघून लगेच म्हणाल्या, "ह्यो सिनेमातला वाईट पाटील, खरा माणूस लई चांगला, सेवादलाचा," आणि नाव काही केल्या येईना. "दादा कोंडके न्हवं... थांब बाई, तोंडात हाय." मी नुसतं 'नि' म्हटलं आणि लगेच "निळूभाऊ!" उत्तरं लिहायचा शीट नीट भरला तर कळतं की चेहरा ओळखला, माणूस माहीत, फक्त नाव अडलं, आणि दादा कोंडके मधे आले तेही लिहून ठेवा, कारण चुकीचं नाव मधे येत राहणं ही या अवस्थेतली नेहमीची गोष्ट आहे.

मार्क देताना बहुतेक जण इथंच गडबडतात. समजा 20 चेहरे, त्यातले 16 माणसाला माहीत, त्यातल्या 12 जणांची नावं इशाऱ्याशिवाय सांगितली. मग नावाचा स्कोअर 16 पैकी 12, म्हणजे 75 टक्के, 20 पैकी 12 नाही. जे चार मुळात माहीतच नाहीत त्यांची नावं कुठून येणार? ओळखीचा स्कोअर वेगळा, नावाचा वेगळा, दोन्हींची बेरीज करू नका.

नाव इतकं का अडतं यावर 1987 चा एक छान प्रयोग आहे. अनोळखी चेहरे दाखवून तोच शब्द कधी आडनाव म्हणून तर कधी व्यवसाय म्हणून शिकवला, आणि आडनाव म्हणून तो लक्षात ठेवणं जास्त जड गेलं. आपल्याकडं लोहार, सुतार, शिंपी घेऊन हे आरामात करता येईल. लोहार म्हटलं की भट्टी, ऐरण, घण सगळं डोळ्यासमोर येतं, आडनाव लोहार असेल तर त्या माणसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही, तो बँकेतही असेल.

वय वाढलं की नावं अडणं वाढतं, विशेषतः माणसांची, हे 1991 मधे डेबोरा बर्क यांच्या अभ्यासात दिसलंय. त्यामुळे घरच्यांसमोर "आज्जीला विसरायला लागलंय" असं अजिबात म्हणू नका, तिला दादा कोंडके आणि निळू फुले दोघंही माहीत आहेत. पण जवळच्या माणसांचे चेहरेसुद्धा परके वाटतात आणि आवाज ऐकल्यावरच ओळख पटते असं कुणी सांगितलं, तर टेस्ट तिथंच थांबवा आणि मेंदूच्या डॉक्टरांकडं जायला सांगा, प्रोजेक्टच्या शीटवरून आजाराचं नाव ठरवू नका.