गल्लीतल्या कुणाला 'निघून जा' म्हणून धमकावलं तर पहिले दोन-चार दिवस काय करायचं

खरं तर आम्हा बेळगावकरांना हे सांगायची गरज पडू नये. दुकानाच्या मराठी पाटीला डांबर फासलेलं बघत आम्ही मोठे झालोय, बंद असला की एमएच नंबरची गाडी मागच्या बोळात लावायची हे घरातल्या पोरालाही कळतंय. पण आपल्याच गल्लीत भाड्यानं राहणाऱ्या मणिपूरच्या पोरींच्या दारावर रात्री कोणतरी घाण लिहून जातंय, नाहीतर खानापूरकडच्या, पूर्वज आफ्रिकेतले असलेल्या सिद्दी समाजातल्या पोराला मेसच्या दारात अडवून 'तुझ्या आफ्रिकेला जा' म्हणतंय (त्याचं घराणं इथल्या रानात शेकडो वर्षं राहतंय, आपलं कुठलं कधी आलं कुणाला ठाऊक), तेव्हा आपण काय करतो? खिडकी लावून घेतो. म्हणून हे लिहायलोय.

पहिलं काम म्हणजे त्याच रात्री त्या दारात जायचं. मंडळाची मीटिंग, पंचांची बैठक, निवेदन हे सगळं उद्या. तिघं-चौघं जावा, त्यात एक तरी बाई असू दे, आणि दार वाजवायच्या आधी बाहेरनं आपलं नाव सांगा कारण आतल्याला ती थाप कुणाची ते कळत नसतंय. आत गेल्यावर भाषण नको. विचारा, आज रात्री इथंच राहायचंय की दुसरीकडं झोपायला जायचंय, सकाळी कामावर सोडायला कोण लागतंय का, पेपरात बातमी आलेली चालेल का. ते जे सांगतील ते करा.

काही वर्षांमागं आमच्या काकाच्या दुकानाची पाटी फासली तेव्हा वीस-पंचवीस जण जमले, घोषणा झाल्या, एका पुढाऱ्यानं काकाला मधे उभं करून फोटो काढला, आणि काकाला पाहिजे होतं काय तर रॉकेल, चिंध्या आणि दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेला सोडायला माणूस. रॉकेल आणलं शेजारच्या गिरणीवाल्या अण्णानं. तो कन्नड, आमच्याशी कट्ट्यावरनं वर्षभर भांडणारा, त्या दिवशीही रॉकेल मिळत नाही म्हणून शिव्या देत देतच पाटी पुसत बसला.

फक्त एक चूक झाली, फोटो काढायच्या आधी पुसलं. तुम्ही तसं करू नका. लांबनं एक फोटो घ्या ज्यात घर आणि गल्ली दिसेल, जवळनं दोन घ्या, मग व्हिडिओ, आणि मगच पुसा, पण त्याच दिवशी पुसा, आठ दिवस ते लिहिलेलं येता-जाता वाचायला लागू नये. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर लगेच जाऊन त्या वेळेचं फुटेज काढून ठेवायला सांगा, जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातंय. धमकी फोनवर आली असेल तर मेसेज डिलीट करू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोन जपून ठेवा.

आता पोलीस. अंगावर आलं तर ११२. तक्रार द्यायला धमकावलेल्या माणसाला एकटं पाठवू नका, बरोबर कन्नड वाचता येणारा एक जण पाहिजेच पाहिजे. तोंडी तक्रार दिली तर ती लिहून घेऊन परत वाचून दाखवायची असं कायद्यातच आहे, त्यामुळं न समजता सही करू नका, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती मागून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यातलं कलम ३५१ धमकीसाठी आणि १९६ धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा यावरनं वैर पसरवण्यासाठी. एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेतो म्हणाले तर १९६ कलम शांतपणे सांगायचं, ते दखलपात्र आहे, नुसतं ३५१ अदखलपात्र धरलं जातंय. ज्याला धमकावलं तो अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो का तेही विचारायचं. एफआयआर घेतच नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टानं वर पाठवा, शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना आणि तालुक्यात असाल तर एसपींना. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या सरकारी नंबरवर फोन करा, बायकांना आणि एससी-एसटीतल्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतोय.

हे कागदाचं झालं. अवघड काम वेगळंच आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये बॅलिमेना म्हणून गाव आहे, तिथं २०२५ च्या जूनमध्ये बाहेरून आलेल्यांच्या घरांवर हल्ले झाले, घरं पेटवली. रोख रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी म्हणतात त्या लोकांवर होता, तर फिलिपिन्सच्या कुटुंबांनी दारावर आपण कोण ते लिहून चिकटवलं, कुणी ब्रिटिश झेंडे लावले. म्हणजे आम्ही ते नव्हे बाबा, पुढच्या घरी बघा. त्यांना नावं ठेवायचा मला काय अधिकार, बंदच्या दिवशी गाडीला कन्नडवाल्यांचा लाल-पिवळा झेंडा लावून हुबळीला जाऊन आलेला मीच आहे. जीव वाचतोय त्यानं. पण त्यामुळं खरं घर कुठलं हे हुडकायचं काम दगड मारणाऱ्याला सोपं होतंय, आणि धमकीचा सगळा खेळ तिथंच असतोय.

याच्या उलट अमेरिकेत मोंटानातल्या बिलिंग्ज गावात झालं. १९९३ च्या डिसेंबरात एका ज्यू घराच्या खिडकीत मेनोरा, म्हणजे त्यांच्या सणाचा दिवा, बघून आत लहान पोराच्या खोलीत दगड टाकला. तिथल्या पेपरनं पानभर मेनोरा छापला आणि ज्यू नसलेल्या हजारो लोकांनी तो आपल्या खिडकीत चिकटवला. त्यांच्यातल्या काहींच्या काचा फुटल्या, पण मेनोरे वाढतच गेले.

आपल्याकडं हे जमण्यासारखं आहे. त्या मणिपूरच्या पोरी ख्रिसमसला दारात कागदी चांदणी लावतात ना, मग गल्लीनं दिवाळीचे आकाशकंदील डिसेंबरपर्यंत काढूच नयेत, नाहीतरी आपण आळसानं ठेवतोच. रोज रात्री सगळ्यांनी बाहेरचे दिवे चालू ठेवायचे. आठवडाभर कट्ट्यावर दहा ते बारा आणि बारा ते दोन अशा पाळ्या लावायच्या, काठ्या न घेता, चहा-चिरमुरे घेऊन.

व्हॉट्सअॅपचं काय करायचं? फॉरवर्ड करायचं नाही, एवढंच. २०१२ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरहून ईशान्येकडची हजारो माणसं दोन-तीन दिवसांत रेल्वे भरभरून निघून गेली ती मेसेज आणि अफवांवरनंच, शेवटी सरकारला एका वेळी पाचच्या वर एसएमएस पाठवायला बंदी घालावी लागली. मालकानं, घरमालकानं स्वतः जाऊन 'मी आहे, राहा' म्हणणं हे कुठल्याही खुलाशाच्या मेसेजपेक्षा लवकर पोचतंय. घरमालकाला गल्लीतल्या मोठ्यांनी आधीच गाठा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी 'लफडं नको, खोली खाली करा' म्हणणारा पहिला तोच असतोय.

आणि आपल्या गावचा जुना रोग, कुठलीही गोष्ट मराठी-कन्नडवर नेणं. लिहिणारा मराठी निघाला की कन्नड संघटनावाले येणार, कन्नड निघाला की आपले भगवे झेंडे निघणार, आणि ज्या पोरीच्या दारावर लिहिलं ती दोन्हीत कुठंच नाही. त्यामुळं पहिल्या दिवसापासून दोन्ही भाषांतली माणसं बरोबर घ्या, निवेदन दोन्ही भाषांत एकाच कागदावर काढा, झेंडा कुठलाच नको.

आता न आवडणारं सांगतो. करणारा बऱ्याचदा बाहेरचा नसतोय, आपल्याच मंडळाचा, गणपतीत वर्गणी मागणारा पोरगा असतोय. त्याच्या घरी जाऊन आई-बापासमोर बोला, चारचौघांत मारू नका. पण मंडळाच्या खोलीत दोघांना बसवून 'हात मिळवा, मिटवून टाका' हे करायचं नाही, तिथं ती एकटी आणि समोर आपले दहा असतात, ती हो म्हणणारच. तक्रार मागं घ्यायची का नाही हे तिनं घरी बसून, तिच्या माणसांशी बोलून ठरवू दे. तोवर सकाळी तिला बस स्टँडला सोडायची पाळी कुणाची ते ग्रुपवर न टाकता समोरासमोर ठरवा, ग्रुपवर तो पोरगा पण आहे.